गुरुवार, सकाळी दहा वाजून सात

नऊ आकड्यांपैकी सहा मी सांगून बसलो होतो.

फोनवरचा मुलगा गोड बोलत होता,
काका म्हणत होता, घाबरू नका म्हणत होता,
तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस झालाय, आम्हाला इथून सगळं दिसतंय.
त्याच्या मागे कोणीतरी खोकत होतं,
आणखी कोणीतरी आणखी कुठल्या काकांना
घाबरू नका म्हणत होतं.
पडद्यावर लाल चौकट, भोंगा चालू,
आणि मी, हडपसरच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर,
शतांश मिलिमीटरची चूक अंगठ्याला कळणारा माणूस,
चष्मा पुसून वाचत होतो:
सात. शून्य. चार.

सातवा आकडा ओठावर आला आणि छताचा पंखा थांबला.
पडदा काळा. भोंगा गप्प.
आमच्या बिबवेवाडीत गुरुवारी वीज जाते, देखभाल-दुरुस्तीसाठी.
इतकी वर्षं या गुरुवाराला मी नावं ठेवली,
महावितरणला दोन अर्ज केले, तेही सुवाच्य अक्षरात.
"हॅलो काका? पुढचा आकडा?"
म्हटलं, लाइट गेलेत.
"कधी येतील?"
याला इथलं सगळं दिसतंय ना,
मग एवढं कसं दिसलं नाही?

फोन ठेवला. हात थरथरत होते, म्हणून त्यांना काम दिलं.
स्क्रूड्रायव्हर काढला, डबा खिडकीशी आडवा केला.
अकरा वर्षं घरात आहे
आणि मी त्याचं झाकण उघडलं नव्हतं.
स्कूटरचं इंजिन मी पेपरवर मांडून परत जुळवलंय,
मिक्सर, इस्त्री, शेजारच्या गोडशांचा गिझर.
यालाच फक्त पाहुण्यासारखं वागवलं,
क्रोशाचं कव्हर घातलं,
दसऱ्याला कुंदानं फूल वाहिलं.

आत धूळ. बोळ्यांनी.
तिच्यात आमचेच केस, काळे होते तेव्हाचे.
दीड इंची ब्रशनं झाडत गेलो.
रॅमच्या खाचा दोन, पट्टी एकच.
बिलात दोन लावल्या होत्या.
हार्ड डिस्क, अर्ध्या किलोच्या मापाएवढी जड:
तिच्यात सोसायटीच्या बत्तीस फ्लॅटांचा हिशोब,
पेन्शनचे कागद, कुंदाच्या मोतीबिंदूचे रिपोर्ट,
नातीच्या बारशाचा व्हिडिओ, ज्यात मी पाठमोरा आहे.
एवढ्याशा खोक्यात हे सगळं,
आणि कड्या आम्ही दाराला तीन लावतो.

कोपऱ्यात कोटाच्या बटणाएवढा एक सेल, मेलेला.
दर गुरुवारनंतर घड्याळ जुन्या जानेवारीत का जायचं, ते कळलं.
तारीख चुकलीय असं तो बिचारा सांगायचा,
मी चौकट बंद करायचो.

सेल रुमालात बांधून तापकीर गल्लीत गेलो.
झुबेर बागवाननं नवा दिला, चाळीस रुपये.
"अपडेट कधी केलंत?"
म्हटलं, ते विचारतं, मी 'नंतर' दाबतो.
"किती वर्षं?"
मी रुमालाकडे पाहिलं.
"आणि पासवर्ड?"
सांगणार होतो, तर त्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले:
"मलासुद्धा नाही, काका."
(स्कूटरचा नंबर होता. मॉनिटरला चिकटवलेला.)

आता तो चार शब्दांचा आहे,
दोन कुंदानं सुचवले, दोन मी,
एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.
पहिल्यांदा टाइप करताना ती इतकी हसली
की दोनदा चुकला.
हिशोबाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर,
ती तांदळाच्या डब्यामागे. हेही सांगायला नको होतं.

सोमवारी परत फोन. आवाज दुसरा, काका तेच.
इथून सगळं दिसतंय म्हणाला.
म्हटलं, मग सांग,
माझ्या प्रोसेसरवरच्या पंख्याला पाती किती?
तिकडे खोकला.
मग हळूच, परीक्षेत शेजारच्याला विचारावं तसं,
"नऊ?"

सात, मी म्हटलं. आणि एकाचा टवका उडालाय.

रॅमचं जुनं बिल सापडलं.
ते दुकान आता मोमो विकतं.
तरी एकदा जाऊन येणार आहे.